गोळी आणि घास : एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांच्या आहाराविषयी

एचआयव्हीचा संसर्ग घेऊन जन्मलेल्या मुलाचं पुढे काय होतं, या प्रश्नाचं उत्तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फार थोडक्यात देता येत असे. आफ्रिकेतल्या अनेक पाहण्यांचे आकडे एकत्र करून २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला होता. औषध न मिळालेल्या संसर्गित बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळं दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात, असं त्यात दिसलं होतं. त्याच वर्षी, १ एप्रिलला, भारत सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधं, सुरू केली आणि मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या काही केंद्रांत होतं. मुलांसाठीच्या औषधांचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र २००६ च्या नोव्हेंबरअखेर आला. तोवर मोठ्यांच्या गोळ्यांचे अर्धे-पाव तुकडे करून मुलांना द्यावे लागत.

आज चित्र पालटलं आहे. निदान वेळेवर झालं आणि औषध रोज पोटात गेलं, तर हे मूल शाळेत जातं, दहावीला बसतं, नोकरीला लागतं, संसार करतं. औषधाचा प्रश्न सुटत गेला तसा त्याच्याआड दडलेला दुसरा प्रश्न उघडा पडला. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, आटोक्यात आहे, तरीही मूल वर्गात सगळ्यांत बुटकं आहे. दहा वर्षांचा मुलगा सात वर्षांचा दिसतो. चौदाव्या वर्षीही मुलीला पाळी आलेली नाही. एआरटी केंद्रात औषध मोजून मिळतं. त्या औषधाबरोबर काय खायचं, किती वेळा खायचं, ते कुणी शिजवायचं आणि कोणत्या पैशातून आणायचं, हे विचारणारं माणूस बहुतेक ठिकाणी नाही. हे पुस्तक त्या रिकाम्या जागेसाठी आहे. ते आजीसाठी आहे, मामीसाठी आहे, अंगणवाडी सेविकेसाठी आणि आशाताईसाठी आहे, बालगृहात पन्नास ताटं वाढणाऱ्या स्वयंपाकाच्या ताईंसाठी आहे. डॉक्टरांनीही ते वाचावं, कारण आम्ही डॉक्टर वैद्यकीय शिक्षणात पोषणाची प्रकरणं परीक्षेपुरती वाचतो आणि पुढे विसरतो.

संसर्ग आणि भूक यांचं नातं आधी समजून घ्यायला हवं. विषाणूशी लढताना शरीर रात्रंदिवस इंधन जाळतं, मूल झोपलेलं असतानाही. त्यात अन्नाची वाट तीन ठिकाणी अडते. तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात आणि गिळताना दुखतं, म्हणून मूल खात नाही. जुलाब लागतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. टीबीसारखा दुसरा आजार जोडीला आला की उरलीसुरली भूकही जाते. कुपोषणाने प्रतिकारशक्ती घसरते, ती घसरली की नवे आजार येतात, आणि प्रत्येक आजार थोडं वजन घेऊन जातो. औषध हा फेरा तोडतं. अन्नाशिवाय ते एकट्याने तुटलेली वाढ भरून काढू शकत नाही.

किती जास्त अन्न हवं, याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने दिलं आहे आणि ते फार भीतिदायक नाही. लक्षणं नसलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या गरजेपेक्षा सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते. टीबी, फुप्फुसाचा जुना आजार किंवा नीट न वाढणारं वजन असेल, तर २० ते ३० टक्के जास्त. वजन उतरत चाललेल्या, हाडाची काडं झालेल्या मुलाला ५० ते १०० टक्के जास्त, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आता हे ताटात मोजू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १७०० कॅलरी आहे. तिच्या १० टक्के म्हणजे १७० कॅलरी. एक मूठभर, सुमारे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांत तेवढी ऊर्जा असते. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत दिलासा देणारा हिशोब आहे, आणि प्रत्येक पालकाला तो पहिल्याच भेटीत सांगायला हवा. धडधाकट दिसणाऱ्या मुलाला वेगळा, महागडा ‘एचआयव्हीचा आहार’ लागत नाही. घरचंच अन्न लागतं, थोडं जास्त आणि रोज. प्रथिनांचं प्रमाण नेहमीपेक्षा वाढवल्याने या मुलांना वेगळा फायदा होतो, असाही पुरावा मिळालेला नाही. वयाप्रमाणे लागणारी प्रथिनं मात्र पूर्ण मिळाली पाहिजेत.

अडचण अशी, की महाराष्ट्रात ‘घरचंच अन्न’ पुरेसं असतं असं गृहीत धरता येत नाही. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरापैकी जवळजवळ ६९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. ही सगळ्या मुलांची स्थिती आहे. विषाणूचं ओझं वाहणारं मूल याच घरांत, याच चुलीवर वाढतं. म्हणून ‘भरपूर फळं-भाज्या, दूध, अंडी द्या’ असं चिठ्ठीवर लिहून देणं मला नेहमीच अपुरं वाटत आलं आहे. ज्या आजीला पंधरवड्याचं रेशन महिनाभर पुरवायचं आहे, तिच्या हातात ती चिठ्ठी कोऱ्या कागदासारखीच असते.

तिला सांगण्यासारखं मात्र खूप आहे. सगळ्यांत आधी वरणाच्या पाण्याविषयी. लहान मुलाला पचायला हलकं म्हणून वरणाचं वरवरचं पाणी किंवा भाताची पेज पाजायची पद्धत घरोघरी आहे. त्यात पाणीच जास्त असतं. पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. खाली बसलेली घट्ट डाळ मुलाची, वरचं पाणी मोठ्यांचं, एवढा एक बदल झाला तरी वजनाचा काटा हलतो. दुसरी गोष्ट तेलाची. चमचाभर तेलात किंवा तुपात सुमारे ४५ कॅलरी असतात. मुलाच्या मऊ भातावर, खिचडीवर, नाचणीच्या सत्त्वात तो चमचा घातला की घास न वाढवता ऊर्जा वाढते. ज्याला दोन घासांनंतर नको-नको होतं, त्या मुलासाठी हे फार कामाचं आहे. तिसरी गोष्ट वेळांची. लहान पोटात तीन जेवणांत सगळं मावत नाही. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा काहीतरी हातावर ठेवायला हवं: शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू, गूळ-चणे, केळं, उकडलेलं अंडं. चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट हे त्यात मोजायचं नाही. चहाने भूक मरते, जेवणाबरोबर घेतला तर लोहही नीट शोषलं जात नाही.

आणि मोडाचं पीठ. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी यावर काम केलं. ज्वारी, बाजरी, गहू किंवा नाचणीला मोड आणायचे, वाळवायचे, किंचित भाजून दळायचे. घट्ट शिजवलेली खीर किंवा लापशी थोडी निवली की त्यात हे पीठ चमचाभर मिसळायचं. मोडांतल्या पाचकद्रव्यामुळे घट्ट लापशी बघता बघता पातळ होते. मग तिला पुन्हा एक उकळी आणायची. पाणी न वाढवता ती पातळ झाल्यामुळे मूल तेवढ्याच वाटीतून कितीतरी जास्त धान्य खातं. तोंड आलेल्या, गिळताना रडणाऱ्या मुलासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. आपल्याकडे मोड आणून दळलेल्या नाचणीचं सत्त्व कोकणापासून देशापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या बायकांनी हे शास्त्र हाताने सांभाळलं होतं. या पुस्तकात पाककृती दिल्या आहेत त्या अशाच आहेत. विदर्भासाठी जवस आणि तूर, मराठवाड्यासाठी ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे, किनाऱ्यासाठी सुकट आणि कुळीथ, सगळीकडे शेवग्याचा पाला. जे जिथे पिकतं, तेच तिथल्या पानावर.

आजारपणातलं जेवण हा वेगळा धडा आहे. तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, गरम बंद. दहीभात, केळ्याचं शिकरण, गार खीर चालू. जुलाब लागले तर जेवण तोडायचं नाही. ओआरएस पाजायचं आणि झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. ताप उतरल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायचं, कारण गमावलेलं वजन मूल त्याच दिवसांत भरून काढतं. पाणी उकळून, अंडं पूर्ण शिजवून, शिळं टाळून: ज्याची प्रतिकारशक्ती कमी, त्याला दूषित अन्न इतरांपेक्षा जास्त महाग पडतं.

दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरलेलं, म्हणजे घेर मोजायच्या पट्टीच्या लाल भागात आलेलं, सहा महिने ते पाच वर्षांचं मूल मात्र घरच्या लाडवावर सोडून चालणार नाही. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात नेलं पाहिजे. जगभर अशा मुलांसाठी शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर आणि सूक्ष्म पोषकांची पेस्ट वापरतात. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी बसतात. आफ्रिकेत या पेस्टने असंख्य मुलं वाचवली, एचआयव्ही असलेलीही. आपल्याकडे तिच्यावरून वाद झाले. पाकीटबंद अन्नाने घरचं जेवण हटू नये ही त्या वादातली भीती खरी आहे. माझा कौल असा: मरणाच्या दारातून परत आणण्यासाठी ते औषध म्हणून जरूर वापरावं, आठवडे मोजून, आणि मूल सावरलं की भाकरी-वरणाकडे यावं.

बाजारातल्या डबाबंद पावडरींबद्दल मी इतका उदार नाही. चारशे-पाचशे रुपयांचा डबा आणणारं घर त्या महिन्यात अंडी आणत नाही, हे वारंवार दिसतं. त्याहून घातक आहेत ते ‘एचआयव्ही मुळापासून काढतो’ म्हणून विकले जाणारे काढे आणि पुड्या. अन्नाला औषधाच्या जागी बसवलं की काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेने दाखवलं. तिथल्या आरोग्यमंत्री मँटो त्शाबालाला-म्सिमांग लसूण, लिंबू आणि बीटरूटचा पुरस्कार करत राहिल्या. २००६ मध्ये टोरांटोच्या जागतिक एड्स परिषदेत त्या देशाच्या दालनात याच वस्तू मांडल्या होत्या. सरकारने एआरटी देण्यात केलेल्या दिरंगाईमुळे २००० ते २००५ या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसं मेली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे मांडला. पोषणाचं पुस्तक लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. या पुस्तकातला एकही शब्द गोळीला पर्याय म्हणून वाचू नये.

सगळ्यांत जास्त गोंधळ आईच्या दुधाबद्दल आहे आणि त्याला इतिहास आहे. दुधातून विषाणू जातो हे कळल्यावर श्रीमंत देशांनी संसर्गित मातांचं स्तनपान बंद केलं. गरीब देशांत तोच सल्ला पोहोचला आणि तिथे वरच्या दुधाने, म्हणजे त्यातल्या पाण्याने, मुलं मारली. बोत्स्वानात सरकार पावडरचं दूध मोफत देत होतं; २००६ च्या सुरुवातीला तिथे मोठा पाऊस झाला, जुलाबाची साथ आली आणि जी बाळं अंगावर पीत नव्हती तीच प्रामुख्याने दगावली. त्याआधी १९९९ मध्ये डर्बनच्या संशोधकांनी एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली होती: फक्त आईचं दूध मिळालेल्या बाळांपेक्षा, आईच्या दुधाबरोबर पाणी, चहा, वरचं दूधही मिळालेल्या बाळांना संसर्ग जास्त झाला. २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या संरक्षणासह स्तनपानाचा मार्ग मोकळा केला. आज आपल्याकडे आईला निदान झाल्यापासून आजन्म एआरटी आणि बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे प्रतिबंधक औषध मिळतं. काहीच उपाय न केल्यास १५ ते ४५ टक्के असणारा धोका या उपायांनी ५ टक्क्यांच्या खाली येतो. म्हणून सहा महिने फक्त आईचं दूध. मध नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. बाळगुटी ही आपल्या घरात प्रेमाची वस्तू आहे, ती नको म्हणताना आजीला दुखवू नका, तिला कारण सांगा. ती ऐकते. सहा महिन्यांनंतर स्तनपान चालू ठेवून वरचं अन्न सुरू करायचं. अंगावरचं दूध केव्हा तोडायचं, ते एआरटी केंद्राच्या सल्ल्याने ठरवायचं. सहा आठवड्यांची रक्ततपासणी, टाचेच्या थेंबांची, चुकवायची नाही. कारण नेहमीची अँटिबॉडी चाचणी अठरा महिन्यांपर्यंत आईच्याच अँटिबॉडी दाखवत राहू शकते.

औषध आणि ताट यांची सांगड घालण्याचं काम थोडं किचकट आहे. लोपिनाव्हिरचं जुनं पातळ औषध इतकं कडू की मुलं ओकून टाकत; आता पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या स्वादाची डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी आली आहे आणि घराघरातली रोजची रडारड कमी झाली आहे. पण ही गोळी लोह आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर रिकाम्या पोटी घेतली तर नीट शोषली जात नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती जरूर घ्यायची. एचआयव्हीचं औषध तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. दुपारी शाळेत लोहाची गोळी आणि रात्री जेवल्यावर घरी आपलं औषध, एवढं ठरवलं की प्रश्न सुटतो. एफाव्हिरेन्झ हे औषध चालू असेल तर ते तेलकट-तुपकट जेवणावर लगेच घेऊ नये. झिडोव्हुडीन या औषधाने रक्त कमी होऊ शकतं, म्हणून मूल फिकट दिसू लागलं तर नुसतं बीट-पालक खाऊ घालत बसू नका, हिमोग्लोबिन तपासा.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे सगळं माहीत असूनही ताट रिकामं राहतं. गुपित. मदत मागायची तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगितलं की गाव दूर सरतं. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात २००९ मध्ये संसर्गित मुलं शाळेत आली म्हणून इतर पालकांनी आपली मुलं काढून नेली होती. अशा काळात पंढरपुरात मंगलताई शहांची ‘पालवी’, हासेगावात रवी बापटले यांचं ‘सेवालय’, पुण्याजवळ भूगावला विजयाताई लवाटे यांचं ‘मानव्य’, बीड जिल्ह्यात पाली इथे बारगजे दांपत्याचं ‘इन्फंट इंडिया’ अशी घरं उभी राहिली. यांच्या ऋणात महाराष्ट्राने राहायला हवं. तरीही बहुतेक मुलं संस्थांत नाहीत. ती आजी-आजोबांकडे, काका-मामांकडे, एकट्या आईकडे आहेत, आणि तिथेच राहणं त्यांच्या भल्याचं आहे.

या घरांसाठी योजना आहेत: बालसंगोपन योजनेचं दरमहा अनुदान, संजय गांधी निराधार अनुदान, अंत्योदयचं धान्य, अंगणवाडीतला आहार, शाळेतलं दुपारचं जेवण. त्या मिळवताना मुलाचा आजार चावडीवर जाता कामा नये. ‘एचआयव्हीग्रस्तांचे पोषण किट’ असं छापलेली पिशवी दारात आणून देणं, तिचा फोटो काढणं, ही मदत मुलाला महागात पडते. पिशवी साधी असू द्या. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे; संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करणं आणि शाळेत भेदभाव करणं त्याने बेकायदा ठरवलं आहे. त्याच कायद्यात एक कलम आहे, जे वाचताना मला थांबावं लागतं: एचआयव्हीने ग्रासलेल्या कुटुंबात बारा वर्षं पूर्ण झालेलं समजूतदार भावंड धाकट्या भावंडाचं पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खातं यांसाठी ग्राह्य धरलं जातं. बारा-तेरा वर्षांची बहीण भाकऱ्या थापून भावाला औषध देते अशी घरं आहेत, हे कायद्यानेही मान्य केलं आहे. त्या बहिणीचं ताट कोण पाहतं? आहाराची मोजदाद करताना घरातल्या संसर्ग नसलेल्या भावंडांनाही त्यात धरा. एकालाच अंडं देण्याने अंडं कुणाच्याच अंगी लागत नाही.

वयात येणाऱ्या मुलांविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, ते तिथेच वाचावं. इतकंच सांगतो, की या वयात मूल गोळीवर आणि जेवणावर एकदमच रुसतं. आपल्याला काय झालंय, हे त्याला तोवर नीट, खरं आणि प्रेमाने सांगितलेलं नसेल, तर आहाराचा कुठलाही तक्ता उपयोगी पडत नाही.

शेवटी या पुस्तकासोबत दिलेल्या वाढीच्या तक्त्याबद्दल. दर महिन्याला, त्याच काट्यावर, मुलाचं वजन करा आणि ठिपका मांडा. तीन महिन्यांनी उंची मोजा. सलग दोन महिने वजन वाढलं नाही तर टॉनिक बदलू नका, मुलाला ओरडू नका. त्याला एआरटी केंद्रात न्या आणि तीन गोष्टी विचारा: टीबी आहे का, औषध रोज पोटात जातंय का, व्हायरल लोड किती आहे. केंद्र कुठे आहे हे माहीत नसेल, तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन १०९७ हा क्रमांक मोफत आहे. फोन करताना नाव सांगायची गरज नाही.